अण्णांचे चाळीस दिवस

आमच्या शेजारच्या अण्णांना चालता येत नसे. पाय धडधाकट होते, पण ते धावायचेच. कचेरीतून पेन्शनीत निघाल्यावरही भाजी आणायला धावत, देवळात धावत, आणि कोणाच्या अंत्ययात्रेला गेले तर सगळ्यांच्या मागे राहून जागच्या जागी पाय हलवत. पुढे गेलं तर बरं दिसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. "पाय बसले की माणूस बसला," हे त्यांचं नेहमीचं. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने कायम तांबडं. त्यापायी धुणेवालीने दोनदा काम सोडलं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, दुर्गा, देवरूखला दिलेली. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि अण्णांना तिचं बाळंतपण माहेरी करायचं होतं. विहीणबाईंनी साफ नाही म्हटलं. "तुमच्या घरात बाईमाणूस नाही. तेल कोण लावणार, शेक कोण देणार?" मी करीन असं मी कळवलं, आळीतली निम्मी बाळंतपणं माझ्याच हातची. त्यावर उत्तर आलं, "शेजारीण दिवसा येईल. रात्री काय?" बोलणं चुकीचं नव्हतं.

त्याच पौषात गावातल्या तालमीने सव्वीस मैलांची शर्यत ठेवली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी अण्णा तीत धावले. परत आले तेव्हा मंडपवाले पताका सोडवत होते. शेवटचा नंबर, पण पुरी धावले. दुसऱ्या दिवशी मात्र खाटेवरून पाय खाली टेकवेना. मी सुजलेली पावलं पाहिली आणि म्हटलं, "आता बाळंतिणीसारखे पडून राहा. उठलात तर जन्माचं दुखणं घ्याल."

अण्णांनी पडल्यापडल्या उशाखालची वही काढली आणि म्हणाले, "बाळंतिणीला काय काय करतात, वहिनी? पहिल्या दिवसापासून सांगा."

मी दारात उभी राहून सांगायची. ते लिहून घ्यायचे आणि स्वतःवर करून बघायचे. तेल चोळणं, कढत पाणी, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं. लाडवांचा पाक दोनदा बिघडला. लोक खिडकीशी येऊन विचारीत, "काय झालं, अण्णा? मुलगा की मुलगी?"

"शेवटचा नंबर झाला. सुखरूप आहे," अण्णा फडक्यातून सांगत.

बाराव्या दिवशी मी त्यांना विहिरीपर्यंत सोडलं. मग कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत, मग चार घरं पुढे, मग ओढ्यावरच्या मोरीपर्यंत. पाय ठणकले की दुसरा दिवस पुन्हा खाटेवर. "अंगात जोर आहे हो, वहिनी," ते कुरकुरत. "असू दे अंगातच," मी म्हणे.

प्रश्न मात्र विचित्र येऊ लागले.

"दूध कमी आलं तर अळीव वाढवायचे का?"

"तुम्हाला कशाला दूध यायला हवं?"

"वहीत पान रिकामं राहतं. आणि टाळू भरायला तेल किती?"

"तुमची टाळू भरून पन्नास वर्षं झाली, अण्णा."

ते हसले नाहीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवसापासून मी चेष्टा सोडली. पाट्यावरचा वरवंटा फडक्यात गुंडाळून आणला आणि मुलाला पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालायचं ते दाखवलं. अण्णांनी तो वरवंटा आठ दिवस रोज न्हाऊ घातला. मी वाटणासाठी शेजारून दुसरा मागून आणला.

चाळीस दिवस भरले. अण्णांनी वही पंच्यात बांधली आणि देवरूखला धावत निघाले.

"मोटारीने जा की," मी म्हटलं. "वाटेत पाय पुन्हा गेले तर?"

"मोटारीने गेलो तर विहीणबाईंना काय दाखवू? चाळीस दिवस नेम पाळला की अंग पहिल्यासारखं होतं, हेच तर दाखवायचंय."

चार दिवस काही कळलं नाही. त्यांच्या तुळशीला मी पाणी घालत होते, म्हणून रस्त्याकडे लक्ष जाई, इतकंच.

पाचव्या दिवशी उतरत्या उन्हात एक बैलगाडी आळीत वळली. आत गोधड्यांच्या थप्पीवर दुर्गा. बैलांच्या पुढे अण्णा, आणि अण्णा चालत होते. सगळी आळी दारात येऊन उभी राहिली.

"काय अण्णा, पाय बसले वाटतं?" कोणीतरी विचारलंच.

अण्णांनी वाकून वाटेतला दगड उचलला, कडेच्या दगडी गडग्यावर ठेवला, आणि दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा वाकले.

"काकू, देवरूखपासून हेच चाललंय," दुर्गा म्हणाली. "गाडीला हिसका बसायला नको म्हणे. दोन दिवस लागले."

"पण सासूबाईंनी सोडलं कसं गो तुला?"

"वही समोर धरून बाबांची तोंडी परीक्षा घेतली. शेवटी वरवंटा हातात दिला आणि म्हणाल्या, न्हाऊ घालून दाखवा."

"मग?"

"बाबांनी आधी त्याची मान धरली. सासूबाई म्हणाल्या, न्या हिला."

मी पाणी तापत ठेवलं. घंगाळाशेजारी तेलाची वाटी ठेवली आणि पायांना शेक घ्यायला अण्णांना हाक मारली. ते आले नाहीत. अंगणातले खडे वेचत होते.