नळदुर्गच्या माडीचा पंधरा दिवसांचा वेढा

श्रीसिद्धेश्वर साक्ष. कसबे नळदुर्ग येथील किराणा दुकानदार धोंडप्पा यांचे कुटुंब, वज्रवाणी सौभाग्यवती शिवकांताबाईसाहेब यांणी आपली माडी कैसी झुंजविली, ती हकिकत खरी तैसी लिहितो. कोणास झोंबल्यास झोंबो.

बाईसाहेबांचे गळ्यातील थायरॉइड ग्रंथी फितूर होवोन मनस्वी कारभार करू लागली, आणि हात कापू लागले, आणि काळीज धडधडू लागले. मग सोलापुरी डाक्तरांणी किरणोत्सर्गी आयोडिनाची गोळी देवोन हुकूम फर्माविला की, किरणे ग्रंथीस जाळतील, परंतु काही दिवस अंगातून बाहेरही पडतील. सबब पंधरा दिवस निराळी खोली, निराळी ताटवाटी, पाणी भरपूर पिणे, संडासात दोनदा पाणी सोडणे, आणि गरोदर बाई व लेकरू जवळ न येऊ देणे. घरात सूनबाई शिवानी सातवे महिन्यात. पहिलेच नातवंड! बाईसाहेब तडक माडीवर चढल्या आणि आतून कडी घातली.

परंतु आजारी माणूस बघावयास न जाणे हा आपले मुलुखी गुन्हा, आणि त्याचे अंथरुणावर बसोन चहा ढोसल्यावाचून बघणे पुरे होत नाही! तिसरे रोजी धोंडप्पांच्या आत्या हरणाबाई बारा बायकांची फौज आणि बिस्किटांचे पुडे घेवोन चालोन आल्या. हुकूम ऐकोन फौज भ्यावी, तो उलटेच जाहले.

"म्हंजी औषध अंगातनं भाईर पडतंय? फुकट?" आत्याबाई गरजल्या. "मग माझा गुडघा शेकू दे की गं! अन् शिवानीलाबी बसवू जवळ, लेकरू कसं तेजाचं निपजंल!"

आणि त्यांणी सूनबाईचा दंड धरोन दोन पायऱ्या चढविल्या. शिवानीस थोरांपुढे बोलवेना. धोंडप्पा दुकानात पोत्याआड दडले. या मोहिमेत त्यांची कामगिरी इतुकीच.

बाईसाहेबांणी हे माडीचे खिडकीतून पाहिले, आणि मग तोफ सुटली.

"शिवानी, खाली हो आधी! पोटातल्याला बाधंल! आत्याबाई, तुमी या की वर. गुडघ्याला काय सुदीक गुण येत न्हाय, पर आलात की तुमालाबी पंधरा दिस हितंच कोंडते. कुणाच्या वट्यावर बसणं न्हाय, कुणाची सून कशी नांदती इचारणं न्हाय!"

कोंडण्याची बात निव्वळ थाप. परंतु लढाईत थाप चालते. पंधरा दिवस गावची खबर नाही, हे ऐकताच आत्याबाईंचा गुडघा जागीच बरा जाहला, सूनबाईचा दंड सुटला, आणि अवघी फौज चहावाचून वेशीकडे पळाली.

सोळावे दिवशी डाक्तरांचा रुकार आला, आणि सूनबाई वर आली, आणि बाईसाहेबांणी तिचे पोटावर हात ठेविला, तो आतून खणखणीत लाथ बसली. मोहीम फत्ते. ती लाथ मानाचा पोशाख समजोन बाईसाहेबांणी स्वीकारिली, ऐसे दफ्तरी नमूद केले असे.