एकही पतन नाही

शुश्रूषागृहाच्या प्रवेशद्वाराशी एक फळा होता आणि त्यावर रोज सकाळी नऊ वाजता मेट्रनबाई स्वहस्ते एक आकडा लिहीत. संस्थेत शेवटचा रुग्ण पडला त्याला किती दिवस झाले, तो हा आकडा. पोस्टमनकाका दाखल झाले त्या दिवशी तो चारशे अठ्ठावन्न होता. पाचशे भरले की संस्थेला सुरक्षिततेचं सर्वोच्च मानांकन मिळणार होतं, त्यामुळे सगळे डोळ्यांत तेल घालून वावरत होते.

काकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ते नव्याने बसवलेलं. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, सहा आठवड्यांत जिने चढता आले पाहिजेत. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिने चढता आले तर घर, नाहीतर कायमचा मुक्काम इथेच, इतका साधा हिशेब होता. चाळीस वर्षं पायी टपाल वाटलेल्या माणसाला त्यात अवघड असं काही वाटलं नाही. पहिल्याच सकाळी काठी घेऊन ते व्हरांड्यात निघाले.

मेट्रनबाई धावत आल्या. "काका, कुठे निघालात?"

"त्या खिडकीपर्यंत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"सांगितलंय ना, मग चालायचंच! पण आधी जोखीम-मूल्यांकन नको का व्हायला?"

मूल्यांकनात चाळीस प्रश्न होते. 'यापूर्वी कधी पडला होतात का?' हा पहिलाच. "पडलो नसतो तर इथे कशाला तडफडलो असतो?" काका म्हणाले. त्यांची नोंद 'अतिजोखीम' अशी झाली. सगळ्यांचीच होत असे.

मग समिती बसली. मागे पडलेल्या तिन्ही रुग्णांच्या हातात काठी होती, हे समितीच्या लक्षात आलं. सबब काकांची काठी पावती देऊन ताब्यात घेण्यात आली. काका भिंत धरून चालू लागले, तर ते 'आधाराविना चालणे' ठरलं. त्याला दोन आया सोबत लागतात. आया होत्याही दोन, पण कुणी पडलं नसल्याचा तक्ता दर अर्ध्या तासाला भरण्यात त्यांच्या नाकी नऊ आले होते.

आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या बाई यायच्या. उभं राहणं ही पडण्याची पहिली पायरी असल्याचं परिपत्रक निघाल्यापासून त्या रुग्णांना निजवूनच व्यायाम घेत. "हं, पायाचे अंगठे हलवा!"

"बाई, अंगठ्यांनी जिना चढायचा का मी?"

"तो पुढचा टप्पा, काका."

चौथ्या आठवड्यात काकांना खुर्चीत बसवून कमरेला 'आराम-पट्टा' बांधण्यात आला. एका दुपारी त्यांनी तो गुपचूप सोडला आणि उभे राहिले. पाय लटपटले, पण उभे राहिले! किती दिवसांनी खिडकीबाहेरचा रस्ता दिसला म्हणून त्यांना इतका आनंद झाला, की मागे पट्ट्याची धोक्याची घंटा वाजतेय हे त्यांना कळलंच नाही. 'पतनसदृश घटना, कालावधी सात सेकंद' अशी नोंद झाली आणि पलंगाला कठडे लावायच्या संमतीसाठी मुलाला फोन गेला.

"बाबा, जरा ऐका ना त्यांचं," मुलगा म्हणाला. "तुमच्या भल्यासाठीच करतायत."

"अरे, मला घरी यायचंय."

"यायचंच आहे हो. आधी ठणठणीत तर व्हा." आणि त्याने संमती दिली.

पाचशेवा दिवस उजाडला. तपासनीस आले, त्यांनी सगळे तक्ते पाहिले आणि भारावून गेले. एकाने काकांच्या कठड्याशी वाकून विचारलं, "काय आजोबा, सुरक्षित वाटतं ना?"

"अगदी. आत्ता जीव गेला तरी पडणार नाही."

'रुग्ण समाधानी', तपासनिसांनी लिहिलं.

त्याच दुपारी हाडांचे डॉक्टर तपासायला आले. त्यांनी काकांना धरून उभं केलं, तर पाय अंगाखाली दुमडले. दोघांनी सावरलं म्हणून बरं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हाड छान जुळलंय, पण पायांत ताकदच उरली नाही. आता जिना विसरा."

मेट्रनबाईंच्या जिवात जीव आला. "बघा! अतिजोखीम. आमचं मूल्यांकन बरोबरच होतं."

मुलगा उशाशी बसला होता. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्या गावाच्या दारापर्यंत गेलो रे. आता आपल्याच दारापर्यंत जाता यायचं नाही." मुलाला रडू आवरेना. खरंच आवरेना, वडिलांवर त्याचा जीव होता.

घरी गेल्यावर मन थोडं शांत झालं, तेव्हा त्याने संस्थेबद्दल इंटरनेटवर अभिप्राय लिहिला. पाचपैकी पाच तारे. 'बाबा इथे सुरक्षित हातांत आहेत. एकदाही पडले नाहीत.'

त्या अभिप्रायाखाली आजवर दोनशे तेरा जणांनी 'उपयुक्त' अशी खूण केली आहे. सगळी आपल्यासारखीच, आईवडिलांची मनापासून काळजी असलेली माणसं. बाबा हल्ली किती चालतात, हे मात्र त्यांतल्या एकानेही विचारलेलं नाही. आपणही नाही.