एकेचाळीस नंबरची हजेरी

शनिवारी दुपारी कॉलेजचं पत्र आलं. आई दवाखान्यात नर्स असल्यामुळे कुठलाही कागद ती तापाच्या तक्त्यासारखा वाचायची, आधी आकडे, मग मजकूर. या पत्रात ठळक आकडे दोनच होते. उपस्थिती एकतीस टक्के. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी सहा. खाली मजकूर होता: पंचाहत्तर टक्क्यांहून कमी उपस्थितीमुळे आपल्या मुलीचा प्रवेश रद्द का करू नये, याचा खुलासा पालकांनी सोमवारी समक्ष येऊन करावा.

आईने पत्र दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "धांदल!"

हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव चांगलं होतं, पण ते फक्त दाखल्यावर राहिलं होतं. कॉलेजात जायला लागल्यापासूनच्या एका महिन्यात या मुलीने कॅल्क्युलेटर समजून टीव्हीचा रिमोट दप्तरात नेला होता, दोन पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला घालून प्रयोगशाळा गाठली होती आणि एका रविवारी कॉलेजच्या बंद फाटकासमोर पाऊण तास उभी राहून "आज सगळे उशिरा कसे?" असा विचार केला होता. आईकडे या सगळ्याची तारीखवार नोंद होती, आणि ती तोंडपाठ होती.

"हे काय आहे?"

धांदलने पत्र वाचलं. तिचा चेहरा उतरला, मग आणखी उतरला. "आई, हे खोटं आहे! मी एक दिवस चुकवलेला नाही."

"मग एकतीस टक्के कसे?"

"मला काय माहीत? रोज हजेरीला ओ देते मी!"

"रोज पहाटे साडेपाचला उठतेस. मी डोळे चोळत डबा भरून देते. सहाला बाहेर पडतेस." आईचा आवाज एकदम हळू झाला, आणि तो हळू झाला की घरात भांडीसुद्धा वाजत नसत. "तू जातेस कुठे गं रोज?"

रडू फुटायला एवढं पुरे होतं. प्रतीक्षा यादीत अकरावी असताना अकरा जणांनी दुसरीकडे प्रवेश घेतला, म्हणून हिला जागा मिळालेली. आता ती गेली, तर बाराव्या नंबरवाला टपूनच बसलेला असणार. डोळे पुसता पुसता तिची नजर पत्राच्या वरच्या ओळीवर गेली. तुकडी अ, क्रमांक सतरा.

"आई, पण मी तर ब मध्ये आहे. एकेचाळीस."

"ब कोणी सांगितलं?"

"चिठ्ठीवर होतं."

"चिठ्ठी कोणाची होती?"

आता खरोखरच भांडी वाजेनात.

या कॉलेजची एक पद्धत होती. प्राध्यापकांनी ओळखीपाळखीला भुलू नये म्हणून तिथे नावाला थारा नव्हता. हजेरी आकड्याने, उत्तरपत्रिका आकड्याने. नावं फक्त कार्यालयातल्या जाड रजिस्टरात असत आणि ते रजिस्टर कुलपात असे. प्रवेशाच्या दिवशी खिडकीतून एक चिठ्ठी मिळे, तिच्यावर तुकडी आणि क्रमांक. धांदलला ती मिळाली तेव्हा तिला आपला चष्मा सापडत नव्हता. चिठ्ठी तिने खिडकीच्या फळीवर ठेवली, दप्तर उपसलं आणि चष्मा डोक्यावर सापडल्यावर समोर होती ती चिठ्ठी उचलून चालू पडली. मागे रांगेत एक मुलगा होता. त्याचीही चिठ्ठी तेवढ्यात फळीवर आली होती.

"म्हणजे तू दुसऱ्याची उचललीस," आई म्हणाली.

"उचलली असणार."

"असणार काय? तूच ती! दुसरं कोण उचलणार?"

 आईचा जीव मात्र भांड्यात पडला होता. पोरगी लबाड निघाली नव्हती, नेहमीसारखीच निघाली होती. थोड्या वेळाने आईला आणखी एक गोष्ट सुचली. "अ तुकडी किती वाजता भरते गं?"

"अकराला."

आई महिनाभराच्या साडेपाच वाजता भरलेल्या डब्यांचा विचार करत खुर्चीत बसली, ती बराच वेळ उठली नाही.

सोमवारी कार्यालयात हेडक्लार्क बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाईंचा चेहरा असा की समोरच्याला आपण कुठेतरी सही करायची विसरलो आहोत असं वाटावं. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि थांबवलं.

"ब एकेचाळीस. उपस्थिती शंभर टक्के. चाचणीत शेहेचाळीस. दोन्ही तुकड्यांत पहिला."

"पहिली!" धांदल ओरडली. "ती मी आहे!"

"रजिस्टरात मुलगा आहे. त्याच्या घरी अभिनंदनाचं पत्र गेलंय."

"अहो, पण अभ्यास मी केलाय!"

"असेल. पण इथे चुकून झालं म्हणायची सोय नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल ही शिस्तभंगात येते. कोणी मुद्दाम केली असेल तर थेट नाव कमी. वेंधळेपणाने झाली असेल तर लेखी कबुली, समोरच्याची संमती आणि दोन्ही पालकांच्या सह्या." बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "वेंधळेपणाने झाली ना?"

"त्याची खात्री मी देते," आई म्हणाली आणि चपलांपासून सुरुवात करणार होती, पण बाईंनी हात वर केला.

धांदलने कबुली लिहिली. या महिन्यात ती एवढं शिकली होती की लिहिलेलं वाचून बघायचं. तिने तीनदा वाचलं. तारीख बरोबर होती, तुकडी बरोबर होती, 'केवळ माझ्या वेंधळेपणामुळे' हे शब्दही जागच्या जागी होते. आयुष्यातला तिचा हा पहिला बिनचूक कागद.

तासाभराने समोरची बाजू आली. मुलगा उंच, डोळे अर्धे मिटलेले. बरोबर वडील, बसचे ड्रायव्हर, खाकी गणवेशात. त्यांच्या हातात अभिनंदनाचं पत्र होतं, तेही काचेच्या चौकटीत बसवलेलं. बक्षीस द्यायला बोलावलंय अशी त्यांची समजूत होती.

"डेपोत सगळ्यांना दाखवलं बघा," ते बाईंना म्हणाले. "हा सकाळी दहाला उठतो, म्हणून मी याला रोज बोलायचो. मला काय ठाऊक, झोपेतसुद्धा याचा अभ्यास चालू असतो!"

बाईंनी त्यांना कबुलीचा कागद आणि धांदलच्या घरी गेलेलं पत्र दिलं. ड्रायव्हरकाकांनी दोन्ही सावकाश वाचलं, मग एकदा चौकटीकडे बघितलं, एकदा मुलाकडे. मुलगा फरशी बघत होता. धांदलला वाटलं, आपल्या हातून आजवर बऱ्याच वस्तू फुटल्या, पण समोर उभ्या माणसाचं तोंड असं पडलेलं आपण पहिल्यांदाच बघतोय.

"म्हणजे एकतीस टक्के याचे?"

"हो."

"आणि सहा मार्कही याचेच?"

"हो. तुम्ही लेखी हमी दिलीत, तर पुढच्या महिन्यापर्यंत नाव ठेवू. नाहीतर प्रतीक्षा यादी आहे."

काकांनी हमी दिली. सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं की खालच्या तीन कागदांवर उमटलं. मुलाने संमती लिहिली. मग काका धांदलकडे वळले.

"पोरी, अभ्यास तुझा होता होय? चांगला होता." चौकट तिच्यापुढे धरून ते म्हणाले, "हे तुझं. काच माझी आहे, पण राहू दे."

ती घ्यावी की न घ्यावी, हे तिला कळेना. घेतली. आई बाईंकडून नव्या चिठ्ठीवर शिक्का मारून घेत होती. तेवढ्यात दारापाशी मुलगा धांदलजवळ आला.

"ए, ऐक. सॉरी."

"तू कशाला सॉरी? चूक माझी."

"नाही ना." त्याने वडिलांकडे एक नजर टाकली. "तू चष्मा शोधत होतीस. माझ्या चिठ्ठीवर ब होतं, म्हणजे सकाळी सात. तुझ्या चिठ्ठीवर अ दिसलं. मी दोन्ही अदलून ठेवल्या. तू उचललीस ती बरोबर तुझ्याच जागेवरची उचललीस."

 महिनाभर अंधारात उठून काढलेली साडेपाचची प्रत्येक पहाट धांदलच्या डोळ्यांपुढून गेली.

"अरे, मग अकराला तरी जायचंस!"

"जाणार होतो गं," तो मनापासून म्हणाला. "पण अकरासुद्धा लवकरच वाजतात." मग अगदी खालच्या आवाजात त्याने विचारलं, "सांगणार आहेस?"

तिने आत पाहिलं. हेडक्लार्क बाई रजिस्टराला कुलूप लावत होत्या. मुद्दाम केलं असेल तर थेट नाव कमी. पलीकडे ड्रायव्हरकाका भिंतीवरचं वेळापत्रक एकेका तासावर बोट ठेवून हातावर उतरवून घेत होते, मुलाला उठवण्यासाठी. आणि सांगून तरी काय? तिच्या नावावर आजवर जमा झालेल्या चुकांत ही एक आपली नाही, असं ती म्हणाली असती, तर त्यावर विश्वास कोणी ठेवला असता? तिने स्वतःसुद्धा ठेवला नसता.

"उद्या अकराच्या आत ये म्हणजे झालं," ती म्हणाली. "म्हणजे, नाही. तू आता सातला."

मुलाचा चेहरा पांढरा पडला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणत होता तो?"

"काही नाही. सॉरी म्हणाला."

"त्याने का सॉरी म्हणायचं?" आई भर रस्त्यात थांबली. "बघ, किती गुणी मुलगा! चूक तुझी, आणि माफी तो मागतोय. शीक जरा त्याच्याकडून."

"हो आई," धांदल म्हणाली आणि काच सांभाळत आईच्या मागून चालू लागली.