शर्यतीच्या गाडीचे पट्टे

जपानी माणसाची चूक काढायला छाती लागते. ती माझ्याकडे आहे. साठ सालच्या एका शर्यतीच्या गाडीचं मॉडेल मी जपानी कंपनीकडून मागवलं, खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढं. दोनशे चौदा सुटे तुकडे, सगळे मोजून घेतले, आणि त्यात ड्रायव्हरच्या सीटला पट्टाच नाही! ताशी अडीचशेनं पळणारी गाडी आणि पट्टा नाही. इथे द्वारकेत मी दुसऱ्या सेक्टरला दूध आणायला बिनपट्ट्याचा निघालो तर पोलीस सोडत नाही.

"कंपनी विसरली," मी घरात जाहीर केलं. "पट्टे आता मी करणार. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून."

"बिल्कुल करा," सुहासिनी म्हणाली. "फक्त माझी कात्री घेऊ नका."

कात्री मी घेतली नाही. ब्लेड घेतलं.

मे महिन्यात आमच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं. तिथे 'स्वतःची भर' या नावाचं वेगळं बक्षीस असतं, म्हणजे किटमध्ये नसलेलं जो हातानं घडवेल त्याला. सहा वर्षं मी त्या बक्षिसाकडे दुरून पाहत होतो. या वेळी ते मिळाल्यातच जमा होतं. बक्कलं मी स्टेपलरच्या पिना वाकवून केली. आता हवं होतं घट्ट विणीचं, अरुंद काठाचं कापड.

आमच्या पलंगाखाली एक बॅग आहे. तिच्यात ब्लाउजपीस असतात. मराठी घरातला ब्लाउजपीस शिवण्यासाठी नसतो हे बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. तो कुणाच्या तरी ओटीतून येतो, बॅगेत महिनाभर पडतो आणि दुसरीच्या ओटीतून पुढे निघून जातो. दिल्लीतली मराठी घरं मोजकी, त्यामुळे तो फिरून आपल्याकडेच येतो. एक पोपटी रंगाचा तर मी लग्नापासून पाहतो आहे.

त्या ढिगात सगळ्यात वर एक गडद निळा खण होता, लालचुटुक काठाचा. मी आमच्या लेकीला, स्वानंदीला विचारलं, "हा कुणाला लागणार आहे का गं?"

"ये तो आईचे ओटीवाले नॅपकिन आहेत ना?" ती मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली. "घेऊन टाका, यार."

मी एका बाजूचा काठ कापला. लागणार होता वीतभर, पण अर्धवट तुकडा काढला असता तर लगेच दिसलं असतं. म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा काढला. कापलेली बाजू आत घालून घडी पुन्हा जागेवर ठेवली. पट्टे सीटवर चिकटवले तेव्हा माझे मलाच डोळे भरून आले, इतके ते खरे दिसत होते.

पुढच्या रविवारी मला रंगाच्या बाटल्या आणायला करोल बागेत जायचं होतं. सुहासिनी म्हणाली, "चलो, मीही येते. मास्टरजींकडे ब्लाउज टाकायचाय." दुकानात तिनं पिशवीतून निळा खण काढला.

"हा... शिवणार?" मी विचारलं.

"अहो, चंद्रप्रभावहिनींनी संक्रांतीला दिलेला आहे. हा नाही पुढे जायचा."

चंद्रप्रभावहिनी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. मंडळाच्या गणपतीत कुणाच्या उकडीचे मोदक फुटले यावरून त्या आणि सुहासिनी दोन वर्षं बोलत नव्हत्या. लिफ्टमध्ये एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या. त्या दोन वर्षांत सुहासिनी संध्याकाळचा चहा एकटीच प्यायची आणि अर्धा टाकून द्यायची. संक्रांतीला वहिनी स्वतः तिळगूळ घेऊन आल्या, तिची ओटी भरली, आणि ते सगळं संपलं. ज्या खणानं संपवलं तो मी कापला होता.

मास्टरजींनी घडी उलगडली. "मैडम, बॉर्डर तो एक ही बाँह में आएगा। दूसरी तरफ़ का किसी ने काट लिया है।" मग त्यांनी कड नीट निरखली. "वैसे काटा बड़ी सफ़ाई से है।"

मी थँक्यू म्हणता म्हणता थांबलो.

मेट्रोत सुहासिनी करोल बागेपासूनच सुरू झाली. "कापलेला खण दिला मला. दोन वर्षांनी तोंड उघडलं ते यासाठी!" राजेंद्र प्लेसला मी सांगायचं ठरवलं. राजौरी गार्डनला तोंड उघडलं. द्वारका आली तेव्हा ते अजून उघडंच होतं आणि आत शब्द नव्हता. मी भेकड माणूस आहे. सरकारी नोकरीत हे खपून जातं, घरात नाही. घरी येऊन मी गाडी कपाटाच्या वर, खोक्यात दडवली.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं. सुहासिनीनं वहिनींसाठी तोच खण काढला आणि कापलेली बाजू वर येईल अशी घडी घातली. "साभार परत," ती म्हणाली.

त्या दिवशी पुरुषांना आतल्या खोलीत बसवतात. वहिनींचे यजमान गुणवंतराव आणि मी, दोघंच होतो. ते रेल्वेतले निवृत्त इंजिनियर. "तुमची गाडी दाखवा की," ते म्हणाले. मी म्हटलं, रंग ओला आहे. तेवढ्यात डाळ द्यायला आलेली स्वानंदी म्हणाली, "नाही हो काका, कधीचा सुकलाय." तिनंच खुर्चीवर चढून खोकं काढून दिलं.

बाहेर ओटी भरली गेली होती, कारण गलका अचानक बंद झाला. मग वहिनींचा आवाज आला, हळू आणि कापरा. "सुहासिनी, हा माझ्या आईनं बेळगावहून आणलेला. वीस वर्षं जपला होता मी. नको होता तर नको म्हणायचंस. कापून परत द्यायचा?"

"मी कापला? वहिनी, तो कापलेलाच आला होता!"

मी उठलोच होतो. पण गुणवंतराव हातात गाडी घेऊन माझ्याआधी दारात पोहोचले. "अगं, हे पट्टे बघ काय सुरेख केलेत! तुझ्या त्या निळ्या खणाचा काठ अगदी असाच आहे ना?"

बैठकीत अकरा बायका होत्या. बावीस डोळे माझ्याकडे वळले.

"मी कापला," मी म्हटलं. "मला वाटलं, तो फिरता आहे."

वहिनींनी सुहासिनीकडे पाहिलं. सुहासिनीनं वहिनींकडे पाहिलं, आणि ती चक्क रडायला लागली. मग वहिनीही. मग दोघी एकमेकींचा हात धरून हसायला लागल्या, आणि मला फार बरं वाटलं. ते दोन मिनिटं टिकलं, कारण नंतर दोघी मिळून माझ्याकडे वळल्या. उरलेला काठ माझ्या मॉडेलच्या सामानाच्या डबीतून निघाला. पट्टे वहिनींनी स्वतः चिमट्यानं गाडीतून उपटले.

"बरंच झालं," गुणवंतराव माझ्या कानाशी म्हणाले. "त्या साली ड्रायव्हर पट्टे लावतच नसत, भालचंद्रराव. आग लागली तर उडी मारता यावी म्हणून. खऱ्या गाडीतही नव्हतेच."

वहिनींनी खण पुन्हा सुहासिनीच्या ओटीत घातला, आणि मास्टरजींनी तुकडे जोडून, काठ लावून त्याचा ब्लाउज शिवून दिला. प्रदर्शनात परीक्षकांनी माझ्या गाडीपुढे चिठ्ठी ठेवली: 'जोडणी नीटनेटकी. स्वतःची भर: काही नाही.'

माझी भर सुहासिनीच्या उजव्या बाहीवर होती, गोंदाच्या डागासकट. ती वहिनींबरोबर चहा प्यायला निघून गेली होती.