एस.टी. स्टँडमागचं खडप

तारसूळची खाडी नकाशाप्रमाणे वागते, त्यामुळे तिचा नकाशा काढताना काळजी घ्यावी लागते, आणि मी ती घेतली नाही.

याला कारण माझा स्वभाव. मी फलटणचा. खाडी म्हणजे काय हे मला खाडी संशोधन केंद्रात नकाशाकार म्हणून रुजू झाल्यावर कळलं, आणि तेही पूर्ण नाही. रुजू झालो त्याच दिवशी केंद्राच्या प्रमुख डॉ. रेवती हळबे यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की टिळेकर, ही खाडी आज्ञाधारक आहे, हिच्याशी जपून. साहेबी अंमलात एका मोजणीदाराच्या दौतीतून शाईचा एक थेंब नकाशावर पडला. दुसऱ्या दिवशी तिथं बेट. आज त्या बेटावर तीन घरं आहेत, त्यांना रेशनकार्डं आहेत, आणि निवडणुकीत त्यांच्यासाठी होडीतून मतपेटी जाते. मी हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि विसरलो. फक्त खाडीच ऐकते, हेही त्यांनी सांगितलं होतं. जमीन ऐकत नाही, जमिनीला महसूल खात्याची सवय लागलेली आहे.

केंद्राचं काम कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांच्या, शेतीचं. पाण्यावर तराफे सोडायचे, त्यांना दोऱ्या टांगायच्या, दोऱ्यांवर कालवांची पिल्लं वाढवायची. तराफे कुठं सोडावेत हे ठरवायला खाडीचा संगणकी नकाशा हवा होता, चौकोन चौकोन पाडलेला. कुठल्या चौकोनात काय आहे, किती खोल आहे, पाणी किती खारट आहे. डॉ. हळबे म्हणाल्या, आधी कालवं काढणाऱ्या बायकांना विचारा, खाडी त्यांच्या डोक्यात आहे. मला ते कमीपणाचं वाटलं. माझ्याकडे उपग्रहाचं छायाचित्र होतं. त्यात खाडी अशी स्वच्छ, निळी, सलग दिसत होती की मी सगळा मधला भाग ‘रिकामा, तराफ्यांस योग्य’ म्हणून रंगवून टाकला. छायाचित्र सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांचं होतं. त्या वेळी भरती होती, हे मला सुचलं नाही. भरतीत खडपं, म्हणजे कालवं धरतात ते खडक, पाण्याखाली असतात.

नकाशा मंगळवारी दुपारी बाराला प्रसिद्ध झाला. तीनच्या ओहोटीला बायका कोयत्या घेऊन खाडीत उतरल्या, तर नुसता चिखल. सव्वीस खडपं होती, एक उरलं नव्हतं.

चारच्या सुमारास एस.टी. स्टँडचे वाहतूक नियंत्रक धुरी केंद्रात आले. त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं की स्टँडमागच्या मोकळ्या जागेत जे खडक आलेत ते आमचेच ना. आम्ही धावत गेलो. सगळी सव्वीस खडपं तिथं एकमेकांना खेटून उभी होती, लग्नाच्या पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखी. अंगावर कालवं तशीच, घट्ट मिटलेली, अजून ओली.

मी नकाशा उघडला आणि मला घाम फुटला. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिला सूची म्हणतात. कुठलं चिन्ह कशाचं ते तिच्यात सांगितलेलं असतं. सूचीचा नमुना मुख्यालयातून ठरून येतो, त्यात ‘कालवांचं खडप’ असं एक काळं टिंब होतं. माझ्या अख्ख्या नकाशात खडपाचं चिन्ह तेवढं एकच, आणि सूचीची चौकट मी नेमकी स्टँडमागच्या पडीक जागेवर टाकली होती, कारण तिथं महत्त्वाचं काही नाही असं मला वाटलं होतं. खाडीनं आपलं काम चोख केलं होतं. जुन्या नकाशाची सूची भर समुद्रात होती म्हणे. तिथं इतकी वर्षं काय उभं असेल कुणास ठाऊक.

बायका आल्या त्या तोंडाचा पट्टा सोडूनच. शेवंती मायबा नावाची बाई सगळ्यांत पुढे. तिनं माझ्या शिक्षणापासून सुरुवात केली आणि माझ्या घराण्यापर्यंत पोचली. खोटं कशाला सांगू, एकही शब्द वावगा नव्हता. सव्वीस घरांच्या चुली त्या खडपांवर. स्टँडच्या पहिल्या बाकावर एक वयस्कर बाई मात्र गप्प बसल्या होत्या, भामाकाकी कुबल. शेवंतीचा दम संपल्यावर त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

“सायबानू, ह्यांका पाणी कोण देतला?”

तोच खरा प्रश्न होता. डॉ. हळबेंनी खडपांना हात लावून पाहिलं आणि सांगितलं की या उन्हात चार दिवस, फार तर पाच. त्यानंतर कालवं तोंड उघडतील ती कायमचीच. आणि नकाशातली दुरुस्ती मुख्यालयाच्या मंजुरीशिवाय होत नाही. मुख्यालयाला फोन केला, तर त्यांनी विचारलं की नकाशा चुकला आहे की खाडी. मी म्हणालो, नकाशा. मग अर्ज करा, पंचेचाळीस दिवस लागतील, असं उत्तर आलं. खाडी चुकली असती तर लगेच काहीतरी करता आलं असतं, असंही ते हळहळून म्हणाले.

दोन दिवस बायका आणि आम्ही बादल्यांनी खारं पाणी वाहिलं. खाडीपासून स्टँडपर्यंत बाहत्तर पायऱ्या आहेत, जांभ्या दगडाच्या, उंच उंच. माझ्या पोटऱ्यांचे गोळे झाले. शेवंती माझ्या बादलीत डोकावून म्हणायची की सायबांनी निम्मं वाटेतच ठेवलं. भामाकाकी वर बाकावर बसून असायच्या आणि आलेलं पाणी कुठल्या खडपावर ओतायचं ते सांगायच्या. मनात आलं, ही बाई भारी आहे, बसून हुकूम सोडते. हे मनात आल्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी बादली ओतता ओतता मला नियमावली आठवली. नकाशात बदल करायला मंजुरी लागते, पण सूचीत एखादं चिन्ह वाढवणं ही किरकोळ दुरुस्ती, ती नकाशाकाराच्या अधिकारात. मी ओल्या पँटनिशी केंद्रात गेलो, सूचीतल्या काळ्या टिंबाभोवती एक बारीक निळी रेघ काढली आणि तिच्यापुढं लिहिलं, ‘भरतीची हद्द’.

सकाळी दहा चाळीसला स्टँडमागच्या जमिनीतून पाणी वर आलं. शांतपणे आलं, गुडघ्याएवढं झालं, माझ्या रेघेपाशी थांबलं. खारं होतं, शेवंतीनं चाखून पाहिलं. कुडाळ गाडीची मागची चाकं तेवढी भिजली. अर्ध्या तासानं खडपांवरून बारीक बारीक पिचकाऱ्या उडायला लागल्या, कालवं तोंड उघडून पाणी घेत होती. मग शेवंतीनं आपल्या पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “घराण्याबद्दल बोललंय ता सोडून द्या.” मी आयुष्यात एवढा सुखावलो नव्हतो.

धुरींनी दुसऱ्या दिवशी लेखी मागणी केली की भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळावं, म्हणजे गाड्या त्याप्रमाणे लावता येतील. ते देण्यात आलं. गाड्यांच्या वेळापत्रकाशेजारी ते चिकटवलं आहे.

आता पंचेचाळीस दिवस होते, आणि अर्जासोबत सव्वीस खडपांच्या मूळ जागा जोडायच्या होत्या. त्या जागा कुठल्याही कागदावर नव्हत्या. शेवंतीला विचारलं, तर ती म्हणाली की माझं खडप मला ठाऊक, बाकीच्यांची भामाकाकीक ठाऊक, आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच हात धरून चालवलेलं आहे. मी भामाकाकींना म्हणालो, चला, खाडीत उतरून दाखवा. त्या म्हणाल्या, काय गरज, हयच बसान सांगतंय.

तर रोज सकाळी फलाट दोनच्या बाकावर आमचं काम चाले. भामाकाकी चपला काढून पाय जमिनीवर टेकवायच्या, डोळे मिटायच्या, आणि बसल्या जागी चालायला लागायच्या. तळपाय हलायचे, कधी सावकाश, कधी बोटं आखडून. इथं पाणी घोट्याला लागलं. इथं चिखल गार झाला. आता देवळाचा कळस बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्यावर टेकला, उजव्या हाताला शाईच्या बेटावरचा माड. झालं, हे जोडखडप. मी छापील नकाशावर कळसापासून पत्र्यावरून पुढं खाडीत एक दोरा ताणायचो, माडापासून दुसरा. दोरे जिथं एकमेकांना छेदतील तिथं टिंब. डॉ. हळबे उपकरण लावून खोली तपासून यायच्या, तर काकींच्या घोट्यात आणि उपकरणात बोटाचाही फरक निघायचा नाही. त्या परत येऊन काकींच्या शेजारी बसायच्या. एकदा म्हणाल्या, टिळेकर, आपण सहा वर्षं हेच शोधत होतो.

कुठल्या चौकोनात पिल्लं धरतात आणि कुठं मरतात तेही काकींनी सांगितलं. तराफ्यांसाठी मी निवडलेल्या जागेचं नाव निघताच त्या डोळे न उघडता हसल्या. तिथं पावसाळ्यात गोडं पाणी साचून राहतं, कालवं हगवण लागल्यासारखी सुकतात. त्यांनी बेटामागची जागा सुचवली. अर्जात ‘वापरलेले उपकरण’ असा रकाना होता. आम्ही तिघांनी विचार करून तिथं ‘तळपाय’ असं लिहिलं. मुख्यालयानं हरकत घेतली नाही, फक्त नग किती ते विचारलं.

मंजुरी अपेक्षेपेक्षा लवकर आली, पण सोबत एक अट होती. सूचीत प्रत्येक चिन्हाचा एक नमुना असणं बंधनकारक आहे. म्हणजे काळं टिंब काढता येणार नव्हतं, आणि सूचीची चौकट एकदा प्रसिद्ध झाली की हलवता येत नाही. आणि टिंब राहिलं तर एक खडप स्टँडमागं राहणार होतं.

ते पत्र मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. सव्वीस बायकांपैकी एकीला सांगायचं होतं की तुझं खडप आता खाडीत परत जाणार नाही, तुझी पोटापाण्याची जागा माझ्या हलगर्जीपणानं गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात असं डॉ. हळबे म्हणाल्या, पण स्वतः चिठ्ठ्या करायला बसल्या नाहीत. अर्जात पंचवीसच जागा गेल्या होत्या, सव्विसावी काकी ‘उद्या सांगतंय’ म्हणत राहिल्या होत्या. शेवटी मी ठरवलं, आधी भामाकाकींना सांगू, त्या कमी ओरडतील.

मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्यांनी विचारलं की जे खडप मागं राहील त्याच्यावर कालवं धरतील ना. मी म्हणालो, धरतील, निळी रेघ आहे तोवर भरती दिवसातून दोनदा येणारच.

“मग माझा खडप हयच रवांदे,” त्या म्हणाल्या. “सव्विसावा माझाच. ता मी मुद्दाम सांगूक नव्हता.”

मी म्हणालो, काकी, तुम्ही कशाला, तुम्ही तर सगळ्यांत जुन्या. त्यांनी लुगडं जरा वर सरकवून ढोपरं दाखवली. भाकरीच्या पिठाच्या गोळ्यांसारखी सुजलेली होती.

“दोन वर्सां झाली. बाहत्तर पायऱ्यो उतरूक जमणा नाय. सुनेक धाडतंय आणि कोणाक सांगूक नाय. पंधराव्या वर्सापासून त्या खडपार बसलंय, सायबानू. आता मरापर्यंत परत हात लागाचो नाय असा वाटला होता.” मग त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. हिरव्या दाराचं घर, स्टँडच्या अगदी समोर. “थय माझा घर.”

काकींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुझी चूक माका पावली, झिला,” त्या म्हणाल्या.

दुरुस्त नकाशा सोमवारी प्रसिद्ध झाला. दुपारच्या ओहोटीला पंचवीस खडपं आपापल्या जागी होती. शेवंतीनं तक्रार केली की तिचं खडप वीतभर मावळतीला सरकलंय. तपासलं, खरंच होतं, माझा दोरा ढिला पडला होता. पुन्हा अर्ज केला, पंचेचाळीस दिवसांनी ते नीट झालं. बेटामागच्या तराफ्यांवर यंदा पिल्लं चांगली धरली आहेत. अहवालाच्या पहिल्या पानावर पहिलं नाव सत्यभामा कुबल यांचं आहे, दुसरं डॉ. हळबेंचं. माझं शेवटी आहे, चूक करणारा म्हणून, आणि ते माझ्या आग्रहानं आहे.

भामाकाकी आता ओहोटीच्या वेळी रस्ता ओलांडतात, प्रवाशांच्या पिशव्यांमधून वाट काढत मागं जातात आणि आपल्या खडपावर बसून कोयतीनं कालवं फोडतात. धुरी त्यांच्यासाठी कुडाळ गाडी दोन मिनिटं थांबवून धरतात. मुख्यालयाचे तपासनीस येऊन गेले, त्यांनी शेरा दिला की सूची सुबक आहे.

मी संध्याकाळी जाऊन बसतो काकींजवळ. परवा त्यांनी घरून कालवांचं सुकं करून आणलं होतं, ओलं खोबरं घातलेलं, आणि केळीच्या पानावर माझ्यापुढं ठेवलं. मी म्हणालो, काकी, तुमचे उपकार कसे फेडू. त्या म्हणाल्या, “गरम आसत तवर खा. पाणी येतला आता.”

मी चपला हातात घेतल्या आणि पाय वर घेऊन खडपावर बसलो.