नाव घेतल्याशिवाय औषध नाही

कृष्णाबाई नर्स औषधाचा पेला अगदी ओठांशी आणायच्या आणि ऐन वेळी मागं घ्यायच्या. "नाव?"

रोजचा रोगी असो, सकाळीच त्याची पाठ पुसून दिलेली असो, स्वतःच्या तोंडानं नाव सांगितल्याशिवाय थेंब मिळायचा नाही. आमच्या गावचे पाटील पोटदुखीनं वाकडे झाले होते, तरी त्यांची सुटका नाही. "मला वळखत न्हाईस व्हय?" पाटील गरजले. "ओळखते की. नाव?" एक पेन्शनर सुभेदार होते. त्यांनी खाटेवर ताठ बसून आपला पलटणीतला नंबर सांगितला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "बरं. नाव?"

बरं, औषध पोटात गेलं म्हणजे सुटलात असंही नाही. "गिळा. तोंड उघडा. जीभ वर करा." हिवतापावरची कडूजहर कोयनेलची गोळी गालात धरून परसात थुंकणारे भले भले पैलवान त्यांच्यापुढं मुकाट आ करायचे. मग थोड्या वेळानं पुन्हा यायचं, मनगट धरायचं, छातीवर टाचलेल्या घड्याळाकडं बघायचं. "मळमळतंय? कानात गुणगुणतंय?" नाही म्हटलं तरी विश्वास नाही. डोळ्याची पापणी ओढून बघणारच.

तेव्हा लढाई चालू होती, आणि आमच्या सातारा भागात बेचाळीसच्या चळवळीची धामधूम. गावोगाव नावं विचारत फिरायचे ते पोलीस. त्यामुळं कुणी नाव विचारलं की गप्प बसायचं, ही आमच्या लोकांच्या अंगात मुरलेली सवय. त्यात या बाई! लोक त्यांच्या नावानं कडाकडा बोटं मोडायचे. मीही मोडली. खोटं कशाला बोलू?

माझ्या मालकांना ताप भरला तेव्हा मी घरात नवीनच होते. ताप डोक्यात गेला, माणूस बरळायला लागला. मामंजींनी गाडी जुंपून आष्ट्याच्या अलीकडं एका डॉक्टरांचा लहानसा दवाखाना होता, तिथं आणलं. नाव लिहून दिलं आणि जनावरांच्या वैरणीसाठी ते माघारी गेले. राहिलो मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. डॉक्टर तपासून, औषधं लिहून दुसऱ्या गावी गेले.

दुपारी कृष्णाबाई दोन बाटल्या घेऊन आल्या. एक लाल, एक पिवळी.

"नाव?"

मालकांना शुद्ध कुठली? आत्याबाई म्हणाल्या, "आप्पा."

"शेजारच्या खाटेवरही आप्पाच आहेत. बाटलीवर आप्पा लिहिलेलं नाही. खरं नाव सांगा."

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. आणि आत्याबाईंनाही ते घेता येईना, कारण लेकाला आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणजे त्यांच्या सासऱ्याचं. म्हणून तर तो पाळण्यापासून आप्पा! दोघींच्या तोंडाला कुलूप.

"तुमीच वाचा की, बाई. मी व्हय म्हणते," आत्याबाईंनी तोड काढली.

"व्हय सगळेच म्हणतात. हे बघा." बाई शेजारच्या आप्पांकडं वळल्या. म्हातारा ठार बहिरा, सोबतीला कुणी नाही. "तुम्ही गणपत का?" "व्हय." "तुम्ही भिकू का?" "व्हय व्हय." "तुम्ही लाटसाहेब का?" "व्हय की!"

सगळी खोली खो खो हसली. बाई हसल्या नाहीत.

"लाल बाटली आमची," आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या. "तापावर लालच देत्यात. आना हिकडं."

"नाव."

"आमच्यात न्हाई घेत! माझा ल्योक हितं तळमळतोय आन् तुमी..."

"तळमळू दे. भलतं औषध पोटात गेलं तर तळमळायलाही उरणार नाही."

मला असा संताप आला म्हणता! वाटलं, त्या बाईच्या हातातली बाटली हिसकावून घ्यावी. मालकांची छाती भात्यासारखी धपापत होती, आणि ही बया खांबासारखी उभी.

"अगं, लग्नात घेतलं असशील ना?" बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या. "उखाण्यात घे, पण घे."

तापाच्या खाटेपाशी उखाणा! आत्याबाईंनी माझा दंड आवळला. मी तो सोडवून घेतला, पदर सावरला आणि जवळजवळ ओरडलेच,

"चुलीवर तापलं दूध, दुधावर आली साय,
शिवरामराव बरे झाल्याबिगर घरला जाणार न्हाय!"

बाईंनी दोन्ही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. लाल बाटली बाजूला ठेवली. "ही त्या आप्पांची. हृदयाची आहे." आणि पिवळीचं बूच काढलं. आत्याबाईंनी लाल बाटलीकडं एकदा बघितलं आणि लेकाचं डोकं वर उचलून धरलं.

ताप उतरला. घरी निघायच्या दिवशी मामंजी गाडी घेऊन आले. आत्याबाईंनी त्यांना बाईंसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून आणायला लावली होती, पण मनातली अढी काही गेली नव्हती. "गुण आला, बाई. तुमचं उपकार हाईत. पर सुनंला नाव घ्याया लावलंत, त्ये वंगाळ केलंत. माझ्या लेकाचं तेवढं आयुष्य तुटलं."

बाई पट्ट्या गुंडाळत होत्या. हात थांबले.

"मी नव्हतं घेतलं, मावशी. एकदाही नाही. लग्नात सगळ्यांनी आग्रह केला तर मी लाजून आत पळाले. वर्षाच्या आत प्लेगानं गेले ते." त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. "न घेऊन त्यांचं आयुष्य कुठं वाढलं?"

बाहेरून मामंजी हाका मारत होते, तरी आत्याबाई बाईंच्या शेजारी टेकल्या.

"काय नाव वं त्यांचं?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पाटलाला न भिणारी ही बाई, पण त्यांच्या ओठांवर शब्द येईना. मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, नव्या नवरीच्या होतात तशा. मला रडू फुटलं. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि घाई केली नाही.

"केशव," बाई पुटपुटल्या.

मग त्यांनी मान वर केली आणि बाहेर गाडीपाशी उभ्या मामंजींनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "केशव!"