दिगूआन्ना आणि वीतभर उंची

माइकचा स्टँड मी वीतभर खाली केला. गाणाऱ्या बाई बुटक्या, माइक त्यांच्या कपाळाशी येत होता; म्हटलं, करावी मदत. दिगूआन्नानं ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या आणि तो गोदामाबाहेर निघून गेला.

दिगूआन्ना म्हणजे वसमतचा हळदीचा आडत्या आणि आमच्या ‘पिवळे पंजे’ या रॉक बँडचा ड्रमर. हळकुंड कानाशी धरून मोडायचं, कडक आवाज आला तरच माल वाळला म्हणायचं, ही बाजाराची रीत. आन्ना ती माणसांनाही लावतो. मुलीला बघायला आलेल्या पोराचं बोलणं त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि चहा यायच्या आत निकाल दिला, “वाळला न्हाई अजून.” मी बेस गिटार वाजवतो, म्हणजे बाकीच्यांच्या मागे मागे चालतो. माझ्याबद्दल इतक्या वर्षांत तो एवढंच म्हणाला, “तुला अजून दोन उन्हाळे पायजेत.”

आमचा गायक अशोक. ताडमाड उंच, आन्नाचा लंगोटीयार. पहिला अल्बम त्याच्या आवाजात निघाला. मग अशोक आजारपणात गेला आणि बँडही बसला. नऊ वर्षांनी आन्नाच एक दिवस म्हणाला, “त्याची सात गाणी आर्धी पडून राहिली. काढू अल्बम.”

अकरा गायक येऊन गेले. आन्ना प्रत्येकासमोर हळकुंड मोडायचा, मग गाणं ऐकायचा. अकराही कच्चे निघाले. बाराव्या सुनीताबाई. सेनगावकडच्या तांड्यावर शाळेत शिकवतात, वर्गावर ओरडून ओरडून आवाजाला धार आलेली. त्यांनी एक कडवं म्हटलं आणि आन्नानं हळकुंड न मोडताच खिशात टाकलं.

रेकॉर्डिंग त्याच्याच गोदामात. चहूबाजूंनी हळदीची पोती रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नाही. सोमवारी माल उचलणार होते, म्हणजे काय ते रविवारीच. आणि रविवारी मी स्टँडला हात लावला.

“सर, काहून खाली केला?” सुनीताबाई म्हणाल्या. “हे बघा की.”

स्टँडच्या नळीवर जुनी चिकटपट्टी होती, तिच्यावर पेनानं मारलेली रेघ. अशोकची उंची. आन्ना रोज गोदाम उघडलं की आधी हा स्टँड पुसतो, हे मला ठाऊक होतं. का पुसतो, हे मी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी घाईघाईनं माइक रेघेवर नेला. म्हणजे पुन्हा बाईंच्या कपाळाशी.

तेवढ्यात आन्ना परत आला. पाठीवर अर्धं भरलेलं पोतं. त्यानं ते स्टँडसमोर आपटलं, पायानं दाबून सपाट केलं.

“चढा बाई.”

“आन्ना, माल चुरंल ना.”

“चुरू द्या. घरचं हाय, इकायचं न्हाई.”

बाई चढल्या. माइक बराबर ओठांशी आला. आन्ना ड्रमवर बसला, त्यानं रेघेकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटून काड्या उचलल्या.

अशोकचं अर्धं गाणं पुढे सरकलं. बाईंनी शेवटची ओळ अशी वर नेली की माझी बोटं तारांवर थांबलीच. ड्रमही थांबला.

“काय झालं बे?”

“काही नाही आन्ना. हळद गेली डोळ्यात.”

“रडायचं तर रड,” आन्ना म्हणाला, “पन तालात रड.”